मागाखालचं पिल्लू

"होल ऐतेन री?" म्हाताऱ्यानं विचारलं. म्हणजे, शेत आहे का तुमचं?

मुधोळच्या पुढं एका वस्तीवर आम्ही उभे होतो. माझा नवरा, दीर, अकरा वर्षांची लेक आणि मी. बेळगावहून पहाटे निघून गोकाकवरून आलो होतो. म्हाताऱ्याच्या हातात दोन महिन्यांचं पिल्लू होतं. निमुळतं तोंड, अंगाच्या मानानं भलतेच लांब पाय, पोटाशी आत गेलेली कंबर. नवऱ्यानं कन्नडमध्ये सांगितलं, शेत नाही, बेळगावच्या वडगावात घर आहे, खाली साड्या विणायचे माग आहेत, वर आम्ही राहतो. म्हाताऱ्यानं पुढं विचारलं, मग अंगण? आमच्याकडं अंगण म्हणजे गल्लीच. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पिल्लू परत त्याच्या आईपाशी सोडलं. पैशाची गोष्ट निघालीच नाही. चहा मात्र त्यानं आग्रहानं पाजला.

चहा घेताना समोर बांधलेली कुत्री एकदम उठून उभी राहिली. लांब, दोन शेतांपलीकडं काहीतरी हललं होतं. ससा होता की मांजर, मला दिसलंसुद्धा नाही. ती भुंकली नाही. नुसती ताठ उभी, मान पुढं, आणि मागच्या मांडीवरचा स्नायू कातडीखाली थरथरत होता. साखळी ताणली गेली. म्हातारा म्हणाला, आता हिला मी हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. मुधोळ हाउंड वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं कुत्रं. एकदा डोळ्यांनी धरलं की पायांनी सुटतं, मधे मालक, रस्ता, मोटार काही येत नाही. शिवाय परक्या माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. आमच्या घरात दिवसभर परकी माणसंच. सूत घेऊन येणारे, साड्या न्यायला येणारे, सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या बायका, वीज गेली की चौकशीला येणारे शेजारी.

परतताना दीर गाडीत गप्प होते. हे कुत्रं त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं आणि त्यात चूक काही नव्हती. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराजांनी, हा वाण सांभाळला, वाढवला. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्यांनी ही कुत्री भेट दिल्याचं सांगतात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटं काढली त्यात एक मुधोळचं होतं. तिथंच तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठीचं संशोधन केंद्र आहे. २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्यांचं नाव घेतलं आणि मग शहरातल्या माणसांनाही ते हवंहवंसं वाटायला लागलं. आपल्या मातीतलं जनावर आपल्या घरात असावं, असं दिरांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. खरं ती माती मुधोळची, मोकळ्या काळ्या रानाची. वडगावच्या आठ फुटी गल्लीची नव्हे. शेत असतं तर मी स्वतः ते पिल्लू पदरात घालून आणलं असतं.

म्हाताऱ्यानं विचारलेला प्रश्न आम्ही घरातून निघतानाच स्वतःला विचारायला हवा होता. तो आम्ही विचारला नाही. आणि असं आमच्या हातून पहिल्यांदा घडत नव्हतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही एक पिल्लू आणलं होतं. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला एक माणूस टोपलीत पांढरी, कापसासारखी पिल्लं घेऊन बसला होता. पामेरियन आहे, दोन महिन्यांचं आहे, म्हणाला. लेक तेव्हा पाच वर्षांची. तिनं टोपलीत हात घातला, एकानं तिचं बोट चोखलं आणि आमचं सगळं ठरून गेलं. आई कुठं आहे पिल्लांची, हे आम्ही विचारलं नाही. लस टोचलीय का, टोचली तर कागद कुठं, तेही नाही. पाच मिनिटांत पैसे देऊन पिशवीत घालून घरी आणलं. लेकीनं नाव ठेवलं कापशी.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बोटानं ओठ उचलून तोंडात बघितलं आणि काही न बोलता मला जवळ बोलावून दाखवलं. पुढचे दात नुकते वर आलेले, तांदळाच्या कण्यांएवढे, आणि दाढांच्या जागी नुसती हिरडी. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात पुरे असतात, ते म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं आहे. हे अजून आईच्या अंगावर प्यायला हवं होतं.

चौथ्या दिवशी ओकारी सुरू झाली. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. हा शिरला की तीन ते सात दिवसांनी लक्षणं दिसतात, म्हणजे ते टोपलीतूनच तो घेऊन आलं होतं असंच धरावं लागेल. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन लावली. सुई लावायला तिच्या पायात शीर सापडायची नाही एवढी ती बारीक होती. तिसऱ्या रात्री मी मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा गेली. लेकीला सकाळी सांगितलं. आजही टीव्हीवर पांढरं पिल्लू दिसलं की ती उठून आत जाते.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. हा विषाणू फरशीत, मातीत कित्येक महिने टिकतो, फिनेलनं मरत नाही. ब्लीचिंगच्या पाण्यानं सगळं धुवा आणि वर्षभर तरी दुसरं पिल्लू आणू नका. आम्ही वर्ष सोडा, सहा वर्षं आणलं नाही.

आता कायद्यानंही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. खरं रस्त्याकडेच्या टोपलीला कोण नियम विचारतो? तो विचार घेणाऱ्यानंच करायचा आहे. आठ आठवडे ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. चावल्यावर समोरच्याला दुखतं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो. पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला ते शिकायला मिळत नाही आणि मग मोठेपणी त्याच्या दातांना अंदाज राहत नाही.

मुधोळला जायच्या आधी, पुन्हा कुत्र्याचं नाव निघालं ते मामांमुळं. माझे सासरे. चौऱ्याहत्तर वय, गुडघे दुखतात, सासूबाई गेल्यापासून दुपारी वर एकटेच बसून असतात. मागाची कामं नवरा आणि दीर बघतात, मी पतसंस्थेत सकाळी दहा ते साडेपाच. लेक शाळेत. एके दिवशी जेवताना मामा म्हणाले, "एखादं कुत्रं असतं तर बरं झालं असतं." मामांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग घरात जे सुरू झालं ते सगळ्यांच्या घरात होतं. दिरांना मुधोळ हवं होतं. लेकीनं मोबाईलवर निळ्या डोळ्यांचं हस्की बघून ठेवलं होतं. नवरा म्हणत होता लॅब्रेडॉर, सगळ्यांत शांत. एकेक कुत्रं त्याच्या जागी सुंदरच आहे. हस्की बर्फातलं. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर. बेळगाव थंड म्हणून नावाजलेलं असलं, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच असलं, तरी एप्रिल-मेच्या दुपारी वरच्या पत्र्याखाली त्या जनावराचे काय हाल होतील याचा विचार करवत नाही. अथणी, चिकोडीकडं तर बोलायलाच नको. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मोबाईलवरचं चित्र तिनं स्वतःच काढून टाकलं. कापशीनंतर ती याबाबतीत आमच्याहून शहाणी झाली आहे.

लॅब्रेडॉरचा प्रश्न नवऱ्यानं स्वतःच सोडवला. एके दिवशी तो एका ओळखीच्यांच्या घरी जाऊन आला आणि पँट झटकत म्हणाला, "केस बघ." लॅब्रेडॉरचे केस आखूड दिसतात, खरं बारा महिने गळतात आणि मोसमात तर मूठ मूठ निघतात. विणकराच्या घरात याचा अर्थ वेगळा आहे. एक केस ताण्यात गेला की साडीत दिसतो. पिवळ्या साडीच्या पदरात काळा केस घेऊन कुठलं गिऱ्हाईक घरी जाईल?

कुठलं कुत्रं आणायचं ते सोडून मग आम्ही घराचंच बघायला लागलो. मामांनीच सुरुवात केली. त्यांनी लेकीची वही घेतली आणि तिच्यात तास लिहिले. सकाळी सहा, कोण? दुपारी दोन, कोण? पावसाळ्यात, कोण? दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर लघवी धरू शकत नाही. म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा कुणीतरी त्याला खाली न्यायचं. मामांच्या गुडघ्यांना जिना जमत नाही. मग पिल्लू दिवसा खाली, मागापाशीच राहणार. नवऱ्याच्या आणि दिरांच्या नजरेखाली. संध्याकाळी सहानंतर वर, मामांच्या पायाशी.

आणखी एक हिशोब मामांनीच मांडला, आम्हाला कुणाला तो बोलवला नसता. "कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतंय. मी असेन का नसेन. पोरगी सात वर्षांनी कॉलेजला जाईल. मग त्याचं कोण?" नवरा म्हणाला, "मी." तेवढंच. वहीत मामांनी त्याचं नाव लिहिलं.

पावसाळ्याचा रकाना मात्र बराच वेळ मोकळाच राहिला. इथला पाऊस एकदा जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत भुरभुर चालूच असते, खानापूरकडं तर विचारूच नका. माझं माहेर कणकुंबीच्या बाजूला. आमच्या लहानपणी वाघ्या होता. त्याला कुणी आणलं नव्हतं, गोठ्यात येऊन राहिला. आम्ही शिळी भाकरी आणि ताक घालायचो. पावसात अंगातून वाफ निघायची त्याच्या, गोचिडी इतक्या की आजोबा संध्याकाळी चिमणीच्या उजेडात वेचत बसायचे. एका जुलैच्या रात्री बिबट्यानं नेला. तेव्हा कुत्रं असंच जगतं असं वाटायचं, बाहेर. आता मला ते पुरेसं वाटत नाही. ओलं अंग पुसायला जाडं कापड, गोचिडीचं औषध, पंजांच्या बेचक्या कोरड्या करणं, हे कोण करणार ते आधी ठरवायचं. तो रकाना शेवटी मी घेतला.

आवाजाची गोष्ट डॉक्टरांनी काढली. त्यांच्याकडं मी वही घेऊन गेले होते. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, माग किती वेळ चालतात? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या कानांवर, डोळ्यांवर जे जे पडतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, ते म्हणाले. त्यानंतर पहिल्यांदा भेटलेल्या गोष्टीची भीती बसते. मळ्यातलं, शांततेत वाढलेलं पिल्लू तुम्ही तीन महिन्यांनंतर चार मागांच्या खडखडाटात आणलंत तर ते कोपऱ्यात बसून थरथरत राहील. मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा दिवस मला झोप लागली नव्हती. मला ते लगेच कळलं.

शेजारच्या खासबागेत एका विणकराच्या घरी गावठी कुत्री व्यालीय, हे त्यानंतर आठवड्यानं कळलं. पाच पिल्लं, मागाच्या खड्ड्यापाशी पोत्यावर.

आम्ही तिथं तीनदा गेलो. पहिल्यांदा पिल्लं चार आठवड्यांची होती, तेव्हा नुसती आई बघितली. हे मी सगळ्यांना सांगते. पिल्लाच्या एका भेटीतल्या वागण्यावरून मोठेपणीचा स्वभाव सांगता येत नाही, आईकडं बघून निदान अंदाज येतो. ही कुत्री तांबूस, आखूड केसांची. आम्ही आत गेल्यावर उठली, वास घेतला, पुन्हा जाऊन निजली. माग धडधडत होता आणि पिल्लं त्याच्या खाली एकमेकांवर पाय टाकून झोपली होती. एकाचं शेपूट पायडीला लागेल म्हणून मी पुढं झाले, तर घरच्या बाई हसल्या, "काही होत न्हाई बाई, त्येना ठाव असतंय."

दुसऱ्या वेळी हातात घेऊन बघितलं. डोळे स्वच्छ, चिपडं नाहीत. हिरड्या गुलाबी. शेपटीखालची जागा कोरडी. दोघांची पोटं ढोलासारखी फुगलेली होती, ती जंतांमुळं. औषध दिलं की जातात, दिलं नाही तर पिल्लू वाळत जातं. मी घरच्यांना डॉक्टरांकडून औषध आणून दिलं, पाचही पिल्लांसाठी. कान तपासायला मागं टाळी वाजवायची म्हणतात. तिथं टाळी ऐकू येण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून माग बंद असताना वाजवली.

तिसऱ्या वेळी मामाही आले, रिक्षातून. मी किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. एक पिल्लू पळून पोत्यामागं गेलं ते आलंच नाही. एकानं थेट जुडग्यावर झडप घातली, मग मामांची काठी धरली, मग धोतराचा सोगा. लेकीला तेच हवं होतं. तिसरं दचकलं, बसलं, थोडा वेळ बघत राहिलं आणि मग मान लांब करून एकेक पाऊल टाकत किल्ल्यांपाशी आलं. वास घेतला आणि तिथून मामांच्या पायाशी जाऊन टेकलं.

ती मादी होती.

"कुत्री? नको बाई," हे मी त्या आठवड्यात किती जणांकडून ऐकलं. दर सहा-आठ महिन्यांनी माज, दारात कुत्र्यांची झुंबड, पिल्लांचं काय करायचं. आणि म्हणूनच प्रत्येक विणीतल्या माद्या पोत्यात भरून गावाबाहेर, नदीकाठी सोडल्या जातात. सगळ्यांना हे माहीत आहे, कुणी बोलत नाही. मला याचा मनापासून राग येतो. एका शस्त्रक्रियेनं सुटणारा प्रश्न आहे. योग्य वय झालं की डॉक्टर गर्भाशय काढतात, आठ-दहा दिवसांत टाके सुकतात. त्या भीतीनं अर्धी वीण मरायला सोडायची?

लेक गप्प होती. दांडगं पिल्लू तिच्या बुटाची नाडी ओढत होतं. मामा तिला म्हणाले, "तू शाळेला गेल्यावर ते माझी काठी न्हेणार. मग मी काय धरू?" तिनं नाडी सोडवून घेतली. त्या दांडग्यालाही घर मिळालं, येळ्ळूरच्या एका मळ्यात, आणि तिथं ते शोभतं.

आठ आठवडे पुरे झाल्यावर, पहिली लस टोचून, आम्ही तिला आणलं. पुढच्या लशींच्या तारखा लेकीनं कॅलेंडरवर लिहिल्या. रेबीजची तीन महिने झाल्यावर. मागाच्या खोलीच्या दाराला नवऱ्यानं आडवी फळी ठोकली. सूत गिळलं तर आतड्यात अडकतं आणि पोट फाडावं लागतं, म्हणून पलीकडं जायला बंदी, अलीकडं बसून आवाज ऐकायला मुभा. मामांनी नाव ठेवलं कांडी. आमचं कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. कुत्र्याला पायानं ढकलायचं नाही, हे मामांनी लेकीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

कांड्या भरणाऱ्या बायका तिला "बा बा" म्हणून बोलावतात, आम्ही "ये". बसायला त्या "कुंडर" म्हणतात, लेक "बस". डॉक्टर म्हणाले, एका गोष्टीला एकच शब्द सगळ्यांनी वापरा, नाहीतर तिचा गोंधळ होईल. मग ठरलं, "बा" त्यांचा आणि "बस" आमचा. पहिल्या दिवशी तिला दोन्ही कळत नव्हते.

त्या रात्री दहाला माग बंद झाले. वर मामांच्या खोलीत, खासबागेहून आणलेल्या आईच्या वासाच्या पोत्यावर तिला निजवलं. दिवा मालवला. दिवसभर चार मागांच्या आवाजात गाढ झोपलेलं ते पिल्लू आता जागं झालं आणि कण्हायला लागलं. पोतं बदललं, पाण्याची गरम बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, मामांनी पलंगाखाली हात सोडला. थांबेना. साडेबारा वाजून गेले.

नवरा काही न बोलता उठून खाली गेला. एक माग सुरू झाला. शेजारच्यांचा तसाही रात्रपाळीत चालू होता. जिन्यातून खडखड वर आली, फरशीला हलका कंप आला. कांडीनं दोनदा मान उचलून इकडंतिकडं बघितलं, पोत्यात नाक खुपसलं आणि झोपली.

नवरा दोनपर्यंत खाली बसला होता. सकाळी बघितलं तर त्या मागावर हातभर साडी विणून झाली होती.